सर्व्हर डाऊन

उपनगरच्या वीजबिल केंद्रात, खिडकी दोनवर
मी सव्वीस वर्षं बसलो.
एवढ्या काळात खोटं बोललो ते एकदाच,
म्हणजे ड्युटीवर, खुर्चीत बसून.

मार्च एंड होता. रांग पार झेरॉक्सवाल्यापर्यंत.
तो आला. इस्त्रीचा सदरा, हातात चिवड्याचा पुडा.
"साहेब, घरचंच आहे हो. बायको रुसून आलीय इकडं,
नवीन मीटर घेतलाय म्हणे.
फक्त पत्ता बघा. मंजुळा खैरनार.
माहेरचं लावलं असेल तर निमसे."

मी नाव टाकलं.
बोटांना सवयच तशी, ऐकलं की टाकतात.
आलं.
पत्ता, मजला, मोबाइल, भाडेकरार जोडलेला,
(मजला इथं सांगणार नाही, आणि नावही तिचं हे नाही)
गेल्या महिन्याचे एकोणीस युनिट.
एकोणीस म्हणजे एक पंखा, एक बल्ब,
तोही बहुधा रात्रभर न विझवलेला.

त्याची मान काचेच्या कडेनं लांबत होती.
मी मॉनिटर जरासा स्वतःकडे वळवला
आणि म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे.
कधी सुरू होईल?
सांगता येत नाही.

तो तासभर बाकावर बसून राहिला,
म्हणून मलाही तासभर अख्खी रांग अडवावी लागली.
खोट्याला असा खर्च येतो.
एक म्हातारा मला नाही नाही ते बोलला. बरोबरच होतं त्याचं.
शेवटी तो उठला, चिवडा घेऊन गेला.

त्या रात्री जेवताना मी स्वतःवर खूश होतो.
पंचवटीतले उपाध्ये चोपडी उघडायच्या आधी विचारतात,
गाव कोणतं, कूळ कोणतं, आजोबांचं नाव काय,
तेव्हा कुठं पान उलटतात.
हा तर सगळं न विचारता सांगत होता,
तरी मी पान उलटलं नाही.

मे महिन्यात ती स्वतः आली.
चेहरा कधी पाहिलेला नव्हता, ग्राहक क्रमांकावरून ओळखली.
बिल भरलं, सुटे मोजून घेतले,
मग काचेच्या भोकाशी तोंड आणून म्हणाली,
"माझा नंबर कुणाकुणाला दिलाय तुम्ही?
इन्व्हर्टरवाला फोन करतो, सोलरवाला करतो.
परवा एक जण म्हणाला, ताई, तुम्ही दिवसा घरी नसताच,
तुम्हाला आमची रात्रीची स्कीम परवडेल."

दिवसा घरी नसताच.
हे तिच्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं.

मी आत गेलो. गांगुर्डे साहेबांनी ड्रॉवरमधून परिपत्रक काढलं.
ग्राहकाची माहिती संमतीशिवाय कोणासही देऊ नये.
खाली, बारीक अक्षरात: सेवेशी संबंधित संस्था वगळून.
केवढा रुंद दरवाजा असतो 'वगळून' या शब्दाला!
त्यातून आमचा सगळा विभाग बाहेर पडला होता,
चाळीस हजार नावं, करंगळीएवढ्या पेनड्राइव्हमधून.
आणि संमती?
ती अर्जाच्या मागच्या पानावर होती,
जिथं मीच पेन्सिलीनं फुली मारून देत आलो सगळ्यांना,
"इथं सही करा."
तिलाही दिली असणार.

बाहेर येऊन तिला काय सांगितलं, आठवत नाही.
सर्व्हर डाऊन आहे, एवढं मात्र म्हणता आलं नाही.

आता सगळीकडे नवे मीटर बसलेत.
दर पंधरा मिनिटांनी लाल ठिपका लुकलुकतो
आणि कुठंतरी लिहिलं जातं:
उठली. पाणी तापवलं. गेली.
आमचा जुना रीडर शिरसाठ, त्यालाही कळायचं सगळं,
कुणाची रात्र जागी, कुणाचं दुकान बसत चाललंय.
पोटात ठेवून गेला बिचारा.
याला पोटच नाही.

नाशकात रामकुंडात हाडंसुद्धा विरघळतात म्हणे.
ती चाळीस हजारांची यादी
कुठल्या कुंडात सोडायची?

परवा भाच्याकडे जाताना वाटेत ती बिल्डिंग लागली.
पत्ता अजून पाठ आहे मला.
मान खाली घालून चालत राहिलो.
कुठल्या रस्त्यानं, ते विचारू नका.